दंतारोग्यशास्त्राची पदवी



शाळेंतील शेवटचें वर्ष जवळ येऊं लागलें म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न निघतो : पुढें काय? वैद्यक, यंत्रशास्त्र, कायदा, व्यापार हीं चार नांवें सर्वांच्या ओठांवर असतात. आणि या रुळलेल्या मार्गांखेरीज दुसरा एखादा सरळ, उपयुक्त व मानाचा मार्ग असूं शकेल, ही कल्पनाहि पुष्कळांच्या मनास शिवत नाहीं. अशाच एका मार्गाचा परिचय करून देण्याचें या लेखांत योजिलें आहे. तो मार्ग म्हणजे दंतारोग्यशास्त्राचा अभ्यास होय. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत या विषयाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणारास बॅचलरची पदवी मिळते, आणि परवाना घेऊन हा व्यवसाय करणारास तेथें ‘डेंटल हायजिनिस्ट’ असें म्हणतात.

हें ऐकून कोणी म्हणेल, “दांत घासावयास शिकण्यासाठीं चार वर्षें आणि पदवी कशाला?” प्रश्न हंसण्यासारखा वाटला तरी तो रास्त आहे, आणि ज्या पालकांस मुलांच्या शिक्षणाकरितां पदरचा पैसा खर्च करावयाचा असतो त्यांनीं तो विचारलाच पाहिजे. त्याचें उत्तर देण्यासाठीं प्रथम या विद्येचा विषय, मग तिचा इतिहास, मग अभ्यासक्रम आणि शेवटीं तिचें मोल, अशा क्रमानें आपण जाऊं.

१. या विद्येचा विषय

मनुष्याला दोनदां दांत येतात : बालपणीं दुधाचे वीस आणि पुढें कायमचे बत्तीस. दांताच्या माथ्यावर जें शुभ्र कवच असतें त्यास एनॅमल म्हणतात. आपल्या शरीरांत याहून कठीण पदार्थ दुसरा नाहीं. वजनानें त्याचा सुमारें शेंकडा ९६ भाग खनिजांचा असतो. परंतु या बळकटपणाबरोबर एक मोठी उणीवहि आहे. हाड मोडलें तर सांधतें, कातडी कापली तर भरून येते. पण एनॅमलमध्यें जिवंत पेशी नसल्यामुळें त्याला एकदां भोंक पडलें कीं तें आपोआप कधींच भरत नाहीं.

हें भोंक पडतें कसें? १६८३ सालीं हॉलंडमधील डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहुक नांवाच्या गृहस्थानें आपल्या दांतांमधील पांढरा मळ सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, आणि त्यांत असंख्य जीव वळवळत असल्याचें लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळविलें. त्याच मळास आज प्लाक म्हणतात. दांत स्वच्छ केल्यावर थोड्याच तासांत त्याचा पातळ, चिकट थर पुन्हां जमूं लागतो. त्यांतील जंतु आपण खाल्लेल्या साखरेवर जगतात आणि तिचें आम्ल बनवितात. रसायनशास्त्रांत आम्लता ज्या मापानें मोजतात तो पीएच सुमारें ५.५ च्या खालीं गेला म्हणजे एनॅमलमधील खनिजें विरघळूं लागतात. गोड खाल्ल्यावर कांहीं मिनिटांतच ही स्थिति येऊं शकते, आणि लाळेच्या योगानें तोंड पूर्ववत् होण्यास अर्धा तास किंवा त्याहूनहि अधिक वेळ लागतो. यावरून एक व्यवहारोपयोगी नियम निघतो : जेवणाबरोबर एकदांच खाल्लेल्या लाडवापेक्षां दिवसभर थोड्या थोड्या वेळानें चघळलेली गोळी दांतांस अधिक घातक असते. कारण पहिल्या प्रकारांत लाळेस आपलें काम करण्यास अवकाश मिळतो, दुसऱ्यांत मिळत नाहीं.

दुसरा रोग हिरड्यांचा. १९६५ सालीं डेन्मार्कमध्यें हाराल्ड लो व त्यांचे सहकारी यांनीं एका प्रसिद्ध प्रयोगाचा वृत्तांत छापला. त्यांनीं बारा निरोगी माणसांस दांत घासणें अजीबात बंद करावयास सांगितलें होतें. दहा ते एकवीस दिवसांच्या आंत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. आणि दांतांची स्वच्छता पुन्हां सुरू केल्यावर ती सूज ओसरली. हिरड्यांच्या सुजेचें कारण प्लाक आहे, आणि प्रारंभींच्या अवस्थेंत ती सूज पूर्णपणें बरी होते, या दोन्ही गोष्टी या साध्या प्रयोगानें एकदमच सिद्ध झाल्या.

परंतु प्लाक तसाच राहूं दिला तर लाळेंतील खनिजें त्यांत शिरून त्याचें दगडासारखें किटण बनतें. तें ब्रशानें निघत नाहीं. त्याच्या आश्रयानें जंतु हिरडीच्या खालीं उतरतात, हिरडी दांतापासून सुटते, आणि दांतास आधार देणारें हाड हळूहळू झिजूं लागतें. यालाच आपल्याकडे लोक पायोरिया म्हणतात. पुष्कळदां हा रोग दुखत नाहीं. म्हणूनच तो फसवा आहे. दांत हलूं लागल्यावर मनुष्य दवाखान्यांत जातो, आणि तोंवर झिजलेलें हाड आपोआप परत येत नाहीं.

वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, या दोन्ही रोगांत एक सीमारेषा आहे. तिच्या अलीकडे सर्व कांहीं सुधारतां येतें. पलीकडे गेल्यावर केवळ डागडुजी उरते. किडलेला दांत कोरून भरणें, न वांचणारा दांत काढणें, कृत्रिम दांत बसविणें हें दंतवैद्याचें काम होय. रोग्यास त्या रेषेच्या अलीकडेच थांबविणें हें हायजिनिस्टचें काम होय.

२. हा व्यवसाय कसा जन्मास आला

अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत ब्रिजपोर्ट नांवाचें शहर आहे. तेथें आल्फ्रेड फोन्स या नांवाचे एक दंतवैद्य होते. वर्षानुवर्षें दांत भरीत व काढीत असतां त्यांच्या मनानें घेतलें कीं, ज्या तोंडांची वेळच्या वेळीं नीट सफाई होते त्यांत हीं कामें करण्याची पाळीच फारशी येत नाहीं. परंतु एकट्या दंतवैद्यास इतकी सफाई करण्यास वेळ कोठून मिळणार? म्हणून १९०६ सालीं त्यांनीं आपल्या दवाखान्यांत साहाय्यक म्हणून काम करणारी आपली चुलत बहीण आयरीन न्यूमन हिला हें काम पद्धतशीर शिकविलें. जगांतील पहिली डेंटल हायजिनिस्ट ती हीच.

त्या काळीं अशा स्त्रियांस ‘डेंटल नर्स’ म्हणावें असें कित्येकांचें मत होतें. डॉ. फोन्स यांस तें नांव पसंत पडलें नाहीं. नर्स म्हटलें कीं लोकांच्या मनांत रोगाचा विचार येतो. आणि हिचें काम तर आरोग्य राखण्याचें आहे, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणून त्यांनीं ‘हायजिनिस्ट’ हा शब्द रूढ केला. नांवाच्या या निवडींतच या व्यवसायाचें सारें तत्त्व आलेलें आहे.

ही नवी कल्पना सर्वांस एकदम मानवली असें नाहीं. ओहायो संस्थानांतील सिनसिनाटी येथें १९१० सालीं निघालेला अशाच प्रकारचा वर्ग दंतवैद्यांच्या विरोधामुळें थोड्याच वर्षांत बंद पडला. फोन्स यांनीं मात्र १९१३ च्या नोव्हेंबरांत ब्रिजपोर्ट येथें आपला वर्ग सुरू केला. त्यासाठीं स्वतंत्र इमारत नव्हती. घराच्या आवारांतील गाडीखान्यांतच तो भरत असे. व्याख्यानें देण्यास मोठमोठ्या विद्यापीठांतील नामांकित अध्यापक येत. १९१४ सालीं त्या वर्गांतून २७ स्त्रिया उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या, आणि त्यांपैकीं अनेक जणी शहराच्या सार्वजनिक शाळांत नेमल्या गेल्या. तेथें त्या लहान मुलांचे दांत तपासून साफ करीत, ब्रश कसा धरावा व कसा फिरवावा याची वर्गांत कवाईत घेत, आणि मुलांच्या आईबापांसहि चार गोष्टी सांगत. या व्यवसायाचा सार्वजनिक प्रारंभ शाळेच्या वर्गांत झाला, ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांनीं विसरतां कामा नये.

यापुढें कायद्याची मान्यता मिळत गेली. १९१७ सालीं आयरीन न्यूमन हिला कनेक्टिकटचा पहिला परवाना मिळाला. १९१६ सालीं बोस्टन येथें फॉर्सिथ संस्थेची शाळा निघाली. १९२१ सालीं मिशिगन विद्यापीठानें हा अभ्यासक्रम सुरू केला. आणि १९२३ सालीं अमेरिकन हायजिनिस्टांचा अखिल राष्ट्रीय संघ स्थापन झाला. फोन्स यांची शाळा पुढें ब्रिजपोर्ट विद्यापीठांत त्यांच्याच नांवानें चालू राहिली. जपाननें १९४८ सालीं या व्यवसायाचा स्वतंत्र कायदा केला. आरंभीं हें क्षेत्र जवळजवळ केवळ स्त्रियांचें होतें. आतां त्यांत पुरुषहि येतात, तथापि आजहि त्यांत स्त्रियांचीच संख्या फार मोठी आहे.

३. चार वर्षांत काय शिकवितात

अमेरिकेंत या व्यवसायांत शिरण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. एक, कम्युनिटी कॉलेजांत मिळणारी असोशिएट पदवी. हिला पूर्वतयारीचे विषय धरून दोन ते तीन वर्षें लागतात. दुसरा, विद्यापीठांतील चार वर्षांची बॅचलर पदवी. येथें आपण दुसऱ्या मार्गाचा विचार करूं.

पहिल्या एक-दोन वर्षांत पायाचे विषय असतात : रसायनशास्त्र, शरीररचना, शरीरक्रिया, जंतुशास्त्र, आहारशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, तसेंच निबंधलेखन व भाषण. हायजिनिस्टला भाषण कशाला, असें कोणास वाटेल. परंतु रोग्याचें तोंड हायजिनिस्टच्या हातीं वर्षांतून एक-दोन वेळांच येतें. बाकीचे सर्व दिवस तें रोग्याच्याच हातीं असतें. तेव्हां त्याची रोजची संवय न दुखवितां बदलावयाची असेल तर बोलण्याची कला हींहि एक हत्यारच समजलें पाहिजे.

त्यानंतर विशेष विषय येतात. डोकें व मान यांची रचना; दांतांची रचना व वाढ; तोंडाचे रोग; हिरड्यांचें शास्त्र; औषधींचें शास्त्र; क्ष-किरणांनीं चित्रें घेणें व वाचणें; दांत भरण्याचे पदार्थ; सार्वजनिक दंतारोग्य; व्यवसायाची नीति व कायदा; आणि संशोधन समजण्यापुरतें संख्याशास्त्र.

पुस्तकी अभ्यासाबरोबरच हातानें करावयाचें काम असतें, आणि तेंच सर्वांत कठीण असतें. विद्यार्थी प्रथम कृत्रिम जबड्यावर हात बसवितात, मग एकमेकांच्या तोंडांत, आणि त्यानंतर अध्यापकांच्या देखरेखीखालीं खऱ्या रोग्यांवर काम करतात. उदाहरणार्थ, हिरडी व दांत यांच्यामधील खांचेची खोली मोजण्यासाठीं खुणा असलेली एक बारीक सळई असते. प्रत्येक दांताभोंवतीं सहा ठिकाणीं ती हलक्या हातानें उतरवून माप घ्यावयाचें. म्हणजे बत्तीस दांतांची १९२ मापें झालीं. एक ते तीन मिलिमीटर खोली बहुधा निरोगी समजतात. चार किंवा अधिक भरली, अथवा रक्त आलें, तर सावध व्हावयाचें. सळई जोरानें दाबली तर माप खोटें येतें व रोग्यास दुखतें. फारच हलकी धरली तरीहि माप खोटें येतें.

किटण काढण्याचीं हत्यारें तर याहून अधिक नाजूक. लेखणी धरतात तशाच, पण किंचित् निराळ्या पकडीनें तें हत्यार धरावें लागतें, आणि एक बोट शेजारच्या दांतावर टेकवून हाताला आधार द्यावा लागतो. हत्यारांचें पातें दांताशीं साधारणतः ६० ते ८० अंशांचा कोन करून चालवावयाचें असतें. कोन चुकला तर किटण निघण्याऐवजीं गुळगुळीत होऊन तेथेंच राहतें, किंवा हिरडी कापली जाते. आणि यांतील पुष्कळसें काम हिरडीच्या खालीं, डोळ्यांस दिसत नाहीं अशा जागीं करावयाचें असतें. वैद्य नाडी पाहतो ती डोळ्यांनीं नव्हे, बोटांनीं. तसेंच हायजिनिस्टला दांताच्या मुळावरील खडबडीतपणा बोटांच्या टोंकांनीं ‘पाहावा’ लागतो. ही दृष्टि पुस्तकानें येत नाहीं. ती सरावानेंच येते.

याशिवाय वाफेच्या यंत्रांत हत्यारें निर्जंतुक करणें, रोग्याचा पूर्वीचा आजार व चालू औषधें विचारून त्यांची नोंद ठेवणें, रक्तदाब घेणें, आणि ओठ, जीभ, गाल व टाळू यांची तपासणी करून संशयास्पद चट्टा किंवा गांठ वेळीं ओळखणें, हीं कामें असतात. रोगी मधुमेही असेल तर हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्यांचा रोग बळावला तर मधुमेह आटोक्यांत ठेवणें अधिक अवघड होतें. म्हणून तोंडाचा विचार सर्व शरीरास सोडून करतां येत नाहीं. १९७१ सालीं वॉशिंग्टन संस्थानानें हायजिनिस्टांस स्थानिक बधिरीकरणाची सुई देण्याची मुभा दिली. पुढें बहुतेक संस्थानांनीं तिचें अनुकरण केलें. कोलोरॅडो संस्थानांत तर १९८७ पासून हायजिनिस्टला दंतवैद्याच्या देखरेखीवांचून स्वतंत्रपणें काम करतां येतें.

या सर्व कामाला एक शिस्तबद्ध क्रम असतो : तपासणी, निदान, योजना, उपाय व फळाची पुनर्तपासणी. यांतील शेवटची पायरी अत्यंत महत्त्वाची आहे. आपण केलेल्या कामाचा उपयोग झाला कीं नाहीं, हें कांहीं आठवड्यांनीं पुन्हां मोजून पाहावयाचें, आणि न झाल्यास योजना बदलावयाची. यालाच शास्त्रीय वृत्ति म्हणतात.

४. परीक्षा व परवाना

पदवी मिळाली म्हणजे लगेच काम करतां येतें असें नव्हे. प्रथम विद्यालय मान्यताप्राप्त असावें लागतें. दंतशिक्षणाची मान्यता देणारें एक मंडळ त्या देशांत आहे, आणि त्यानें मान्य केलेलीं या विषयाचीं विद्यालयें तीनशेंहून अधिक आहेत. त्यानंतर राष्ट्रीय लेखी परीक्षा, मग बहुतेक ठिकाणीं हातच्या कौशल्याची परीक्षा, आणि शेवटीं ज्या संस्थानांत काम करावयाचें तेथील परवाना, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. नियम प्रत्येक संस्थानाचे वेगळे असल्यामुळें एका ठिकाणचा परवाना दुसरीकडे आपोआप चालत नाहीं. परवाना टिकविण्यासाठींहि ठराविक मुदतींत नवीन शिक्षणाचे तास भरावे लागतात. विद्या एकदां मिळाली म्हणजे जन्मभर पुरते, ही समजूत या व्यवसायांत चालत नाहीं.

५. दोन वर्षें कीं चार?

आतां पालकांच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. असोशिएट पदवीनेंहि परवाना मिळतो. नव्हे, अमेरिकेंतील हायजिनिस्टांपैकीं बहुसंख्य याच मार्गानें आलेले असतात. दवाखान्यांत रोग्यांचे दांत साफ करणें एवढेंच ध्येय असेल, तर चार वर्षांच्या पदवीवांचून अडत नाहीं, आणि केवळ पदवी मोठी म्हणून वेतनांत मोठा फरक पडेलच असें समजूं नये. हें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

मग बॅचलरची पदवी कोणासाठीं? ज्याला पुढें विद्यालयांत शिकवावयाचें आहे, शाळांच्या किंवा सरकारी आरोग्यखात्याच्या योजना चालवावयाच्या आहेत, संशोधनांत भाग घ्यावयाचा आहे, अथवा मास्टरच्या पदवीकडे जावयाचें आहे, त्याला ही पदवी म्हणजे दाराची किल्ली होय. दुसरें असें कीं, हें काम शरीरास श्रमाचें आहे. मान, पाठ, खांदा व मनगट यांचीं दुखणीं या व्यवसायांत पुष्कळांस जडतात. दहा-पंधरा वर्षांनीं हात थकला तर पदवीधरास शिकविण्याच्या किंवा योजना आंखण्याच्या कामाकडे वळतां येतें. ज्याच्यापाशीं केवळ हातचें कौशल्य आहे त्याला तें कठीण जातें.

ज्यांची ऐपत बेताची आहे त्यांच्यासाठीं तेथें एक मधला मार्गहि आहे. आधीं असोशिएट पदवी व परवाना घ्यावयाचा, काम करून मिळवावयाचें, आणि नोकरी संभाळून उरलेला बॅचलरचा अभ्यास पुरा करावयाचा. कित्येक विद्यापीठें हा उरलेला भाग घरबसल्या शिकण्याचीहि सोय करतात. घरची परिस्थिति पाहून वागणाऱ्या मुलामुलींस हा मार्ग विशेष शोभण्यासारखा आहे.

वेतनाविषयीं म्हणावयाचें तर, अमेरिकन सरकारच्या श्रमखात्याच्या आंकड्यांप्रमाणें २०२३ सालीं तेथील हायजिनिस्टांचें मध्यम वार्षिक वेतन ८७,५३० डॉलर होतें, आणि या कामाच्या जागा दोन लक्षांहून अधिक होत्या. परंतु हा आंकडा वाचून आपल्या रुपयांत गुणाकार करण्याची घाई करूं नये. तेथील घरभाडें, विमा, कर हींहि तेथलींच असतात. आणि परदेशी विद्यार्थ्यास फी, प्रवेशपत्र व पुढें काम करण्याची परवानगी हे तीन डोंगर आधीं ओलांडावे लागतात.

६. आपल्या देशांतील स्थिति

आपल्याकडे दंतवैद्यकाचें पद्धतशीर शिक्षण डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास पहिलें दंतविद्यालय काढून सुरू केलें. त्यांनीं स्वतः अमेरिकेंतील आयोवा येथें शिक्षण घेतलें होतें. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानें हायजिनिस्ट या नांवास आपल्या देशांत प्रथमच कायद्याची व्याख्या मिळाली : दंतवैद्य किंवा वैद्य नसून जो दांतांचें किटण काढतो, ते साफ व गुळगुळीत करतो, किंवा दंतारोग्याचें शिक्षण देतो, तो हायजिनिस्ट. त्या कायद्यान्वयें १९४९ सालीं भारतीय दंतपरिषद स्थापन झाली, आणि तिनें या कामासाठीं दोन वर्षांचा पदविका-अभ्यासक्रम आंखून दिला. पुढें २०२३ सालीं त्या जुन्या कायद्याच्या जागीं यावयाचा राष्ट्रीय दंत आयोग कायदा संसदेनें मंजूर केला.

यावरून परदेशीं जाऊं इच्छिणारानें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्यात. पहिली ही कीं, आपल्या शहरांत दांत साफ करण्याचें काम बहुतेक दंतवैद्य स्वतःच करतात. त्यामुळें तिकडून पदवी घेऊन परत येणारास तयार जागा वाट पाहत असेल असें गृहीत धरूं नये. दुसरी ही कीं, येथें दंतवैद्य झालेल्या माणसासहि अमेरिकेंत तो व्यवसाय करण्यासाठीं पुन्हां शिक्षण व परीक्षा लागतात; फ्लॉरिडासारख्या संस्थानानें मात्र परदेशीं शिकलेल्या दंतवैद्यांस हायजिनिस्टच्या परवान्याचा मार्ग मोकळा ठेवला आहे.

असें असलें तरी या विद्येची गरज आपल्याकडे कमी आहे असें कोण म्हणेल? महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांत आणि शहरांतील चाळींतहि तंबाखू भाजून केलेली मशेरी दांतांस लावण्याची चाल आहे. दांत स्वच्छ होतात या समजुतीनें ती सुरू होते, आणि व्यसन होऊन बसते. तोंडाचा कर्करोग आपल्या देशांत फार आढळतो, आणि तंबाखू हें त्याचें प्रमुख कारण आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या विहिरींत फ्लोराइड प्रमाणाबाहेर असल्यामुळें मुलांच्या दांतांवर तपकिरी डाग पडतात. फ्लोराइड योग्य मात्रेंत दांतांचें रक्षण करतें, म्हणूनच १९४५ सालीं मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहरानें तें पिण्याच्या पाण्यांत घालण्यास प्रारंभ केला. तोच पदार्थ अधिक झाला तर दांतांस व हाडांस अपाय करतो. कोठें किती हवें आणि कोठें नको, हें सांगणारा जाणता माणूस गांवोगांव पाहिजे आहे. ब्रिजपोर्टच्या त्या स्त्रियांनीं शाळेच्या वर्गांत केलें तें काम आपल्या शाळांत अद्याप व्हावयाचें आहे.

७. कोणीं या मार्गास जावें

ज्याला रक्त पाहून चक्कर येते किंवा दुसऱ्याच्या तोंडाची किळस वाटते, त्यानें आधीं आपल्या मनाची परीक्षा घ्यावी. ज्याचा हात स्थिर आहे, ज्याला एकच काम दिवसांतून आठ वेळां तितक्याच काळजीनें करण्याचा कंटाळा येत नाहीं, आणि ज्याची जीभ गोड आहे, त्याला हा व्यवसाय शोभेल. घाबरलेला व लाजलेला रोगी खुर्चीवर बसतो. आपले दांत घाण आहेत हें त्याला ठाऊक असतें. त्याला रागें भरणारा हायजिनिस्ट त्याचे दांत एकदां साफ करील, पण तो रोगी पुन्हां येणार नाहीं.

आणखी एक गुण पाहिजे, आणि तो सर्वांत दुर्मिळ आहे. दुखणारा दांत काढणाऱ्यास रोगी दुवा देतो. पण जो दांत कधीं दुखलाच नाहीं त्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानीत नाहीं. हायजिनिस्टचें यश न घडलेल्या गोष्टींत असतें. टाळ्यांवांचून काम करण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेंच रोगप्रतिबंधाच्या कोणत्याहि विद्येकडे वळावें.

८. उपसंहार

तर मग “दांत घासावयास चार वर्षें कशाला?” या प्रश्नाचें उत्तर असें : स्वतःचे दांत घासण्यास चार मिनिटें पुरतात, परंतु हजारों लोकांचे दांत त्यांच्या तोंडांत टिकवून ठेवण्यास शरीर, रोग, औषध, समाज आणि मनुष्यस्वभाव या सर्वांचें ज्ञान लागतें. ती पदवी घ्यावी कीं घेऊं नये, हें प्रत्येकानें आपली आवड, आपली ऐपत आणि आपला पुढील बेत पाहून, वडील मंडळींशीं बोलून ठरवावें. घ्यावयाची असेल तर आतांपासूनच रसायन व जीवशास्त्र यांकडे लक्ष द्यावें, आणि भाषा कच्ची ठेवूं नये.

ज्यांस ही पदवी घ्यावयाची नाहीं त्यांनींहि या विद्येचा आरंभीचा धडा आजच गिरवावा. सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं, दोन्ही वेळां दोन-दोन मिनिटें, मऊ ब्रशानें व फ्लोराइडयुक्त पेस्टनें दांत घासावेत. ब्रश पोहोंचत नाहीं अशा फटींतून दोरा फिरवावा. गोड खाणें जेवणाच्या वेळेपुरतें ठेवावें. आणि घरांत कोणी मशेरी लावीत असेल तर प्रेमानें, पुन्हां पुन्हां, ती सोडण्याविषयीं सांगावें. धाकट्या भावंडांचे दांत सहा-सात वर्षांच्या वयापर्यंत मोठ्यांनींच घासून द्यावेत, कारण तोंवर त्यांचा हात बसलेला नसतो.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. हाड सांधतें, पण एनॅमलचें भोंक भरत नाहीं. याचें कारण काय?
२. १९६५ च्या प्रयोगावरून कोणत्या दोन गोष्टी सिद्ध झाल्या?
३. डॉ. फोन्स यांनीं ‘नर्स’ हा शब्द कां टाळला?
४. एका माणसाचे अठ्ठावीस दांत आहेत. हिरडीच्या खांचेचीं एकंदर किती मापें घ्यावीं लागतील?
५. तुमच्या घरांत दांतांसाठीं काय काय वापरतात याची यादी करा, आणि त्यांतील कोणती वस्तु हितकर व कोणती अपायकारक, हें कारणांसह लिहा.